पोराला अठरा पूर्ण, आता गाडीची किल्ली मागतोय : नवशिके नेमके कशाने ठोकतात? (नाशिक)

हाफक्लच (धागालेखक)

बारावीचा निकाल लागला की पेठ रोडच्या आरटीओत लर्निंगसाठी गर्दी वाढते आणि इथे "मुलाला पहिली गाडी कोणती घ्यावी" असे धागे निघतात. मायलेज, सनरूफ, रिसेल यावर पानंच्या पानं भरतात. पोरगं ती गाडी कशाने ठोकेल, हे मात्र कोणी विचारत नाही. हा धागा तेवढ्यासाठीच.

"आजकालची पोरं माजलीत, सुसाट सोडतात म्हणून अपघात होतात" हे अर्धंच खरं आहे. अमेरिकेत किशोरवयीन चालकांच्या गंभीर अपघातांचा एक मोठा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. जिथे चूक त्या पोराची होती, तिथे जवळपास साठ टक्के वेळा तीनपैकी एक कारण निघालं : नजर पुरेशी न फिरवणं, रस्त्याच्या मानाने जास्त वेग, आणि लक्ष भलतीकडे. तिघांचा वाटा जवळजवळ सारखा, प्रत्येकी साधारण पाचांत एक. मुद्दाम केलेली दादागिरी किंवा स्टंट हे बहुतांश अपघातांचं मुख्य कारण नव्हतं. म्हणजे घरात शांत, अभ्यासू असलेलं पोरही तितकंच ठोकू शकतं.

आणि "जास्त वेग" म्हणजे दरवेळी शंभर नव्हे. कॉलेज रोडला क्लास सुटायच्या वेळी ४० हाही जास्त वेग आहे. कॅनडा कॉर्नरकडून येताना डाव्या बाजूला उभ्या रिक्षेमागून कोणीही बाहेर येऊ शकतं, हे ज्याला दिसत नाही त्याला ४० कमीच वाटतो.

आता नजरेचं. नवा चालक बॉनेटच्या पुढच्या वीस-तीस मीटरवर डोळे खिळवून बसतो, कारण गाडी लेनमध्ये सरळ ठेवण्यातच त्याचं सगळं डोकं खर्च होत असतं. मुरलेला माणूस दहा-बारा सेकंद पुढचं बघतो. ताशी ५० ला ते अंतर दीडशे मीटरच्या आसपास येतं. त्याला पुढच्या बसचा इंडिकेटर, तिच्या टपावरून दिसणारा सिग्नल, दुकानापुढे थांबलेल्या गाडीचं उघडू पाहणारं दार हे सगळं आधीच कळलेलं असतं. नवशिक्याला तेच सगळं "अचानक" समोर येतं. ॲक्सिडेंटनंतर "तो अचानक आला" असं पोर सांगतं तेव्हा ते बहुधा खोटं बोलत नसतं. त्याला खरंच तो अचानक दिसलेला असतो.

याची सवय लावायचा सोपा मार्ग म्हणजे बोलून दाखवायला लावणं. शेजारी बसून सूचना द्यायच्या नाहीत, विचारायचं : पुढे काय दिसतंय? "डावीकडे शाळेची रिक्षा थांबलीय, पोरं उतरणार. उजवीकडून स्कूटर गॅपमधून वळणार. मागे ट्रक चिकटलाय." पंधरा मिनिटं असं बोलत चालवलं की कोणती गोष्ट त्याच्या तोंडून येतच नाही हे कळतं. बहुतेकांच्या तोंडी आरसा येत नाही.

---

प्राची_ना

चांगला धागा. मुलगी डिसेंबरमध्ये अठराची होतेय. ड्रायव्हिंग स्कूलचा पंधरा दिवसांचा कोर्स पुरेसा आहे का? की आणखी काही करावं लागेल?

---

हाफक्लच

प्राचीताई, पुरेसा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत खासगी गाडीच्या प्रशिक्षणाला किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास धरले आहेत. पंधरा दिवस रोज अर्धा तास म्हटलं तर साडेसात तासच होतात. त्यातही ड्युअल कंट्रोल असलेल्या गाडीत अवघड क्षणी ब्रेक शेजारचा दाबतो, त्यामुळे तो क्षण मुलीच्या हातून कधी गेलेलाच नसतो. क्लच, गिअर, टेस्टमधला आठचा आकडा, रिव्हर्स हे हातापायाचं काम दहा तासांत जमतं. नजर तयार व्हायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात २५ वर्षांखालच्या शिकाऊ चालकाला लॉगबुकात १२० तास भरावे लागतात, त्यातले २० रात्रीचे.

तुम्ही निदान ५० तास धरा. लर्निंग सहा महिने चालतं आणि पक्क्यासाठी ३० दिवसांनी अर्ज करता येतो. तिसाव्या दिवशी पळत जाऊ नका, सहा महिन्यांतले चार-पाच तरी वापरा. गाडीला पुढे-मागे लाल 'एल' हवा आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस. हात पोहोचेल असा हँडब्रेक मधोमध असलेली गाडी असेल तर फार बरं.

तास कसे वाटायचे ते महत्त्वाचं. तोच तो घर ते जेहान सर्कल ते घर असा रस्ता पन्नास वेळा केला तर ते पन्नास तास होत नाहीत, एकच तास पन्नासदा होतो. सुरुवातीला सातपूर-अंबडच्या एमआयडीसीतले सुटीच्या दिवशीचे मोकळे रस्ते, मग दुपारचा गंगापूर रोड, मग अशोक स्तंभ ते रविवार कारंजा (इथे पायी माणूसच राजा आहे हे कळतं), मग मुंबई नाका आणि द्वारका, जिथे चारी बाजूंनी कोण कधी घुसेल याचा नेम नाही. त्यानंतर सर्व्हिस रोडवरून हायवेला लागणं आणि उतरणं. शेवटचे दहा-बारा तास रात्र आणि पाऊस. कोरड्या उजेडात शिकून पहिला पाऊस एकट्याने पाहणं, हे टाळता येण्यासारखं आहे.

---

स्टेपनी

ब्रेकबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. नवीन पोरांना ब्रेक *दाबता* येत नाही. त्यांना हळू थांबणं शिकवलेलं असतं, जोरात थांबणं कोणी शिकवतच नाही.

आधी आकडे घ्या. वेळ लागतो दोन ठिकाणी : दिसल्यापासून पाय पडेपर्यंत, आणि पाय पडल्यापासून थांबेपर्यंत. पहिला भाग दीड सेकंद धरा.

ताशी ४० : पाय पडेपर्यंत १७ मीटर, मग कोरड्या डांबरावर ९. एकूण २६.
ताशी ६० : २५ आणि २०. एकूण ४५.
ताशी ८० : ३३ आणि ३६. एकूण ६९.

रस्ता ओला असेल तर दुसरा आकडा पावणेदोनपट करा. हातात मोबाइल असेल तर पहिला आकडा कुठे जाईल ते सांगता येत नाही. ताशी ५० ला दोन सेकंद स्क्रीनकडे पाहिलं की २८ मीटर आंधळे गेले.

कारला एबीएस आहे असं सगळे सांगतात, पण एबीएस लागल्यावर काय होतं ते पोराला माहीत नसतं. पेडल पायाखाली थरथरतं, खडखड आवाज येतो, आणि घाबरून पोर पाय *उचलतं*. तिथेच घोळ होतो. मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर मागे कोणी नाही हे आरशात बघून, ताशी ३० वर, पेडल एकदम तळाला दाबायला लावा. थरथर सुरू झाली तरी पाय तसाच. गाडी पूर्ण थांबेपर्यंत. मॅन्युअल असेल तर शेवटी क्लचही. मग ४० वर. चार-पाच वेळा केलं की पायाला कळतं. एबीएसमुळे थांबण्याचं अंतर फार कमी होतं असं नाही. चाक लॉक न झाल्याने स्टेअरिंग चालू राहतं आणि अडथळ्याला वळसा घालता येतो, हा त्याचा खरा फायदा. त्याआधी गाडीतली मागची पाण्याची बाटली, दप्तर, छत्री काढून ठेवा. जोरात ब्रेक लागला की हे सगळं पुढे येतं आणि बाटली पेडलखाली गेली तर ब्रेकच दबत नाही.

टायर : हवा थंड टायरमध्ये, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतं तेवढी. पंपावरच्या पोराला विचारून "सगळीकडे ३५ मार" असं नको. नक्षी १.६ मिमीच्या खाली गेली की टायर बदलायचा. खाचेत छोटे उंचवटे असतात, रबर त्यांच्या बरोबरीला आलं म्हणजे संपलं. घरातली जुनी गाडी पोराला शिकायला देतात आणि तिचे टायर सहा-सात वर्षांचे, कडक झालेले असतात. नक्षी दिसते पण ओल्यात पकड नसते. बाजूला चार आकडी शिक्का असतो : पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष.

स्कूटरवाल्यांसाठी वेगळं. जोरात ब्रेक लावल्यावर सगळं वजन पुढे येतं, त्यामुळे थांबवण्याचं मोठं काम पुढचं चाक करतं. पण "पुढचा ब्रेक मारला की उलटतो" हे कानात बसल्याने पोरं फक्त डाव्या हाताचा दाबतात. १२५ सीसीपर्यंतच्या नवीन गाड्यांना कॉम्बी ब्रेक आहे, डावा दाबला की थोडा पुढचाही लागतो. तरी पूर्ण ताकद हवी तर दोन्ही हात, आधी हलके, लगेच जोरात, हँडल सरळ असताना. वळणात नाही. आणि लिव्हरला खेळ किती आहे ते बघा. ड्रम ब्रेकला साधारण १० ते २० मिमी असावा, नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकात. लिव्हर ग्रिपला टेकत असेल तर आधी नट आवळून बघा. ड्रमवरच्या आर्मचा बाण खुणेला लागला असेल तर आवळून उपयोग नाही, शू संपलेत.

---

एक_मिसळ_जादा_पाव

सगळं बरोबर, पण पोरांच्याच नावाने किती खडे फोडायचे? रस्ते बघा की. कुंभमेळ्याच्या कामांनी अर्धं शहर खणलंय, डायव्हर्जनचा बोर्ड लागतो तो खड्ड्याच्या तोंडाशी. तिथे अठराचा काय आणि अठ्ठेचाळिसाचा काय.

अवांतर : पंधरा वर्षांच्या पुतण्याला क्लासला जायला बिनलायसन्सची इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची चाललीय. ती तर कायदेशीर आहे ना?

---

द्राक्षबाग

रस्त्यांवर सहमत. त्यात भर म्हणजे आमच्याकडच्या ट्रॉल्या. दिंडोरी, पिंपळगाव बसवंत, लासलगाव या बाजूला कांद्याच्या आणि द्राक्षाच्या हंगामात पहाटे आणि संध्याकाळी ट्रॅक्टर-ट्रॉलींची रांग असते. ट्रॉलीला मागे दिवा नसतो, असला तर वायर तुटलेली. रिफ्लेक्टरची पट्टी चिखलाने झाकलेली. वेग ताशी २०. गावातल्या माणसाला ती कुठे, कधी भेटणार हे माहीत असतं. शहरातून वणीला निघालेल्या पोराला माहीत नसतं. रस्त्यावर ओली माती सांडलेली दिसली, की पुढे शेतातून नुकतीच ट्रॉली निघाली आहे असं समजायचं. ती माती ओली असताना दुचाकीला साबणासारखी घसरते.

आमच्या लोकांनी काय करावं तेही लिहितो : लाल रिफ्लेक्टर टेप मागच्या फळीच्या दोन्ही टोकांना, फळी उघडली तरी दिसेल अशी, आणि मधोमध एक. दर हंगामाला फडक्याने पुसायची. खर्च चहापाण्याएवढा.

---

घाटवळण

द्राक्षबाग यांनी सांगितलेल्या ट्रॉलीचं गणित मांडतो, कारण "थोडंसं जास्त" म्हणजे किती हे त्यात स्पष्ट दिसतं.

समोरून गाडी येतेय म्हणून डिपरवर चालवताय. बिनदिव्याची ट्रॉली ४० मीटरवर दिसली असं धरा. ट्रॉली २० ने जातेय. तुम्ही ७० वर असाल तर जवळ जाण्याचा वेग ५०, म्हणजे सेकंदाला १४ मीटर. दीड सेकंदात २१ मीटर गेले, १९ उरले, आणि वेग ट्रॉलीइतका व्हायला १४ लागतात. वाचलात. आता ९० वर घ्या. जवळ जाण्याचा वेग ७०, दीड सेकंदात २९ मीटर गेले, उरले ११, लागणार २७. ट्रॉलीला आदळताना अजून ताशी पन्नासच्या वर फरक शिल्लक असतो. शिवाय ट्रॉलीची फळी बॉनेटच्या वर, काचेच्या उंचीला असते. गाडीचा पुढचा चुरडणारा भाग, जो धक्का खायला बनवलेला असतो, तो तिच्या खालून निघून जातो. २० किलोमीटरचा फरक, बाकी सगळं तेच. आणि हे कोरड्या रस्त्याचं आहे.

दुसरी गोष्ट पुढच्या काचेच्या खांबाची. एअरबॅग आणि मजबुतीमुळे आताच्या गाड्यांचे खांब जाड झालेत. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून उजवा खांब डोळ्याला जवळचा आणि तोच जास्त झाकतो. वीस मीटरवरची अख्खी दुचाकी त्यामागे मावते. वाईट भाग असा की तुम्ही आणि ती दुचाकी एकाच बिंदूकडे सारख्या प्रमाणात सरकत असाल, तर ती खांबामागे *तशीच राहते*. सरकत नाही, म्हणून डोळ्याला जाणवत नाही. डिव्हायडरच्या गॅपमधून उजवीकडे वळताना आणि सर्कलला शिरताना हे हमखास होतं. उपाय फुकटचा आहे : थांबा, छाती पुढे घेऊन एकदा बघा, मागे टेकून पुन्हा बघा. डोकं एक वीतभर हललं तरी खांबामागचं उघडं पडतं. मुलांना हे करायला लाज वाटते, "म्हाताऱ्यासारखं दिसतं" म्हणून. दिसू दे.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते एकट्या गाडीचे पलटी होणारे अपघात यामुळेच जास्त होतात : डांबराची कड. पेठ रोड, त्र्यंबक-जव्हार रस्ता, पहिन्याकडचा रस्ता इथे डांबर संपतं तिथे चार-सहा इंचांची पायरी असते, पावसाळ्यात आणखी खोल. समोरून बस आली, पोराने डावीकडे घेतलं, डावी चाकं खाली उतरली. पोर घाबरून स्टेअरिंग झटक्यात उजवीकडे ओढतं. टायर कडेला घासत राहतो, चढत नाही, म्हणून ते आणखी ओढतं. मग टायर एकदम चढतो तेव्हा चाकं भलतीच वळलेली असतात आणि गाडी थेट समोरच्या लेनमध्ये जाते. तिथून पुन्हा डावीकडे झटका दिला की पलटी.

चाक उतरलं तर : स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट, सरळ. ॲक्सिलरेटर सोडायचा. जोरात ब्रेक नाही, कारण डावी चाकं मातीवर आणि उजवी डांबरावर असताना गाडी फिरते. वेग ताशी ३० च्या खाली येईपर्यंत तसंच कडेने चालू द्यायचं. मग आरसा बघून थोडंसं डावीकडे, आणि मग उजवीकडे हलक्या हाताने, पायरीला कोन करून चढवायची. पुढे दगड किंवा मोरी असेल तर मात्र ब्रेकला पर्याय नाही. चाक उतरूच नये यासाठी समोरून बस दिसताच आधीच वेग पाडायचा. दोन वाहनं एकाच अरुंद जागी भेटणार हे शंभर मीटर आधी कळतं, हाफक्लच म्हणतात ती नजर हीच.

घाटाचं थोडक्यात. कसारा असो की नांदुरीहून सप्तशृंगगडाचा, उतरताना न्यूट्रल नाही. पेट्रोल वाचतं हा गैरसमज आहे. इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल तोडते, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला जाळते. ज्या गिअरने चढली त्या गिअरने उतरवायची. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक तापतात, करपल्याचा वास येतो, पेडल दाबूनही गाडी धरत नाही. इंजिन बंद करून उतरवणाऱ्यांबद्दल काय लिहावं. दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचा व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगड होतं.

---

सरळवकील

एक_मिसळ यांच्या प्रश्नाचं उत्तर : अर्धं हो.

मोटर २५० वॉटच्या आतली, वेग ताशी २५ पर्यंत, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, आणि मान्यताप्राप्त चाचणी संस्थेकडून तशी मंजूर झालेली असेल तर ती कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहनच नाही. लायसन्स, नोंदणी, विमा काही लागत नाही. पण दुकानात "वेग उघडून देतो" म्हणून कंट्रोलरची एक वायर बदलतात आणि तीच गाडी ४०-४५ ला पळते. त्या क्षणी ती मोटार वाहन झाली : नोंदणी नाही, विमा नाही, चालवणारा पंधराचा, लायसन्स मिळणंच शक्य नाही. कोणाला धडकली तर भरपाईचा सगळा बोजा घरावर. घेतानाच लेखी घ्या की वेग उघडलेला नाही, आणि स्वतः चालवून बघा. स्टेपनी सांगतीलच, ते छोटे ब्रेक २५ साठी बनवलेले असतात.

सोळाव्या वर्षीच्या लायसन्सबद्दलही घोळ आहे. ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीचं. घरातली स्कूटर ११० किंवा १२५ सीसी असते. सोळाचं लायसन्स दाखवून ती चालवणं म्हणजे विनालायसन्सच.

आता पालकांनी वाचावं असं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. गाडी पालकांच्या संमतीनेच दिली असं न्यायालय गृहीत धरतं. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती हे पालकांनी सिद्ध करायचं. किल्ली खुंटीला टांगलेली आणि पोर रोज क्लासला तीच गाडी नेतंय, असं शेजाऱ्यांनी सांगितलं की "माहीत नव्हतं" टिकत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोघं गेले. त्यानंतर या कलमाची चर्चा घराघरांत झाली, पण कलम त्याच्या पाच वर्षं आधीपासून पुस्तकात होतं.

विम्याचं लोक सर्वांत कमी जाणतात. चालकाकडे वैध लायसन्स नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारते. ज्याला धडक बसली त्याला भरपाई देण्याचा आदेश न्यायाधिकरण अनेकदा कंपनीला देतं, पण ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभाही देतं. कमावता माणूस गेला असेल तर ती रक्कम कित्येक लाखांत जाते. मग फ्लॅट, शेत, जे काही नावावर आहे त्यावर येतं.

---

स्टेपनी

वकीलसाहेब बरोबर. उघडलेल्या गाडीचा आणखी एक त्रास : मोटर वेग देते, पण चाकं बारीक, टायर अरुंद, सस्पेन्शन नावालाच. ४० ला खड्डा लागला की हँडल हातातून जातं. बॅटरी आणि वायरही तेवढ्या करंटसाठी नसतात, कनेक्टर वितळलेले दिसतात.

आणि ट्रिपल सीट. ५५-५५ किलोची तीन पोरं म्हणजे १६५ किलो, स्कूटर स्वतः ११० च्या आसपास. सगळं वजन मागच्या चाकावर, पुढचं हलकं. हँडल तरंगतं, पुढचा ब्रेक धरत नाही, मागचा शॉकअप तळाला टेकलेला. हेडलाइट आकाशाकडे, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत. थोडक्यात, ती गाडी वळत नाही आणि थांबतही नाही.

---

कॅज्युअल्टी_ड्युटी

दोन-तीन गोष्टी लिहून जातो.

हेल्मेटचा पट्टा. डोक्यावर हेल्मेट आणि पट्टा मोकळा, म्हणजे पहिल्या धक्क्यात हेल्मेट एकीकडे, डोकं दुसरीकडे. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोन बोटं जावीत, त्याहून जास्त नाही. दोन्ही हातांनी मागून वर ढकललं तर हेल्मेट निघायला नको. आयएसआय खूण आयएस ४१५१ ची. वडिलांचं हेल्मेट पोराला सैल होतं, त्याच्या मापाचं वेगळं घ्या. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी आतला थर्माकोल दबलेला असतो, ते टाकून द्या.

कारमध्ये मागे बसलेले मित्र बेल्ट लावत नाहीत. ताशी ५० ला आदळणं म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका धक्का. मागचा तो धक्का घेऊन पुढच्या सीटवर येतो आणि बेल्ट लावलेल्या पुढच्यालाही घेऊन जातो. एअरबॅग बेल्टसोबत काम करते. बेल्ट नसेल तर शरीर ती फुगत असतानाच तिच्यावर जातं. छाती आणि स्टेअरिंगमध्ये निदान २५ सेंटिमीटर अंतर. नवी मुलं, विशेषतः उंचीने कमी असलेली, स्टेअरिंगला चिकटून बसतात. सीटची उंची वाढवा, पुढे ओढू नका.

अपघात पाहिलात तर १०८ किंवा ११२. शुद्धीत नसलेल्याचं हेल्मेट ओढून काढू नका, मानेला इजा असू शकते. श्वास अडत असेल तरच, आणि तेही एकाने मान-डोकं दोन्ही बाजूंनी धरून, दुसऱ्याने हळू काढायचं. पाणी पाजू नका. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. नाव सांगायची सक्ती नाही.

---

प्राची_ना

सगळ्यांचे आभार, बरंच लिहून घेतलं. दोन प्रश्न राहिले. पक्कं लायसन्स आल्यावर लगेच मैत्रिणींना घेऊन समृद्धीने जाऊ द्यावं का? आणि शिकायला ऑटोमॅटिक बरी की गिअरची?

---

हाफक्लच

समृद्धी लगेच नको. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून मुंबई फारच जवळ वाटायला लागली आहे. तिथे कारची मर्यादा १२० आहे. त्या वेगाला कोरड्यातही थांबायला १३० मीटर लागतात, आणि रस्ता इतका एकसुरी की वेगाची जाणीवच जाते. तिथून उतरून शहराच्या रस्त्याला लागल्यावर ७० सुद्धा रांगल्यासारखा वाटतो आणि पहिल्याच गतिरोधकावर गाडी उडते. उतरल्यावर पहिली दहा मिनिटं काट्याकडे बघून चालवायला सांगा.

मैत्रिणींचं : अपघाताचा धोका शिकताना, शेजारी मोठं माणूस असताना, कमी असतो. एकटं चालवायला लागल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत तो एकदम चढतो. गाडीत समवयस्क जितके जास्त, तितका आणखी. म्हणूनच न्यूझीलंडने १९८७ साली टप्प्याटप्प्याचं लायसन्स सुरू केलं आणि पुढे बऱ्याच देशांनी ते उचललं. आपल्याकडे तसं नाही, त्यामुळे ते घरात करावं लागतं. पहिले तीन महिने एकटी किंवा घरचं माणूस, रात्री नऊनंतर नाही, हायवे नाही. पुढचे तीन महिने एक मैत्रीण, पुढच्या सीटवर, बेल्ट लावून. सावरगाव-सोमेश्वरकडचा रविवारचा चार जणींचा बेत त्यानंतर. नियम आधी ठरवून कागदावर लिहिले तर भांडणं कमी होतात. मोबाइल मागच्या सीटवरच्या बॅगेत. होल्डरवर लावला की नोटिफिकेशन दिसतंच. रस्ता निघायच्या आधी लावून, फक्त आवाजावर.

---

घाटवळण

ऑटोमॅटिक की गिअरची : कारचं लायसन्स दोन्हीला चालतं, म्हणून मी ऑटोमॅटिकच्या बाजूने. क्लच-गिअरमध्ये अडकलेलं डोकं मोकळं होतं आणि नजरेला मिळतं. फक्त तिचे तोटे आधी दाखवून द्या. ब्रेक सोडला की ती आपोआप सरकते, पार्किंगमध्ये भिंतीला लागते ती यामुळेच. एएमटी (आत साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच-गिअर गाडी स्वतः टाकते) असेल तर चढावर थोडी मागे येऊ शकते. सगळ्यात मोठं म्हणजे ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला जाणं. त्यासाठी डावा पाय पूर्ण बाजूला, कधीच पेडलवर नाही. उजव्या पायाची टाच ब्रेकसमोर जमिनीला टेकलेली, आणि ॲक्सिलरेटरसाठी फक्त पंजा फिरवायचा. गाडी पुढे झेपावली की घाबरून आहे ते पेडल आणखी दाबलं जातं, टाच जागेवर असेल तर पंजा आपोआप ब्रेकवर परत येतो. जाड तळाच्या चपला, हिल्स नकोत. ड्रायव्हरकडची मॅट हुकला अडकवलेली हवी, वर दुसरी रबरी मॅट टाकू नका.

---

एक_मिसळ_जादा_पाव

पुतण्याची स्कूटर रद्द. सायकल घेतोय. हेल्मेटचं माप कसं घ्यायचं, कोणी सांगेल का?

---

कॅज्युअल्टी_ड्युटी

कापडी टेप भुवयांच्या वर एक बोट, कानांच्या वरून, मागे डोकं सर्वांत फुगीर असतं तिथून. येईल तो सेंटिमीटरचा आकडा हेल्मेटच्या आत लिहिलेल्या मापाशी जुळवायचा. दोन मापांच्या मध्ये आला तर दोन्ही घालून बघा आणि जे गालांना आणि कपाळाला सगळीकडून सारखं टेकतं ते घ्या. मोटरसायकलचं हेल्मेट सायकलला नको, त्याला जड होईल.